डावीकडची दोन भोकं

माझ्या मावशीचं लग्न जमलं नाही, त्याचं खापर आई कायम रायफलींवर फोडायची. कोणीतरी स्थळ सुचवायचं, भेट व्हायची आणि घरी आल्यावर आजी विचारायची, "कसा वाटला?" मावशी म्हणायची, "एका भेटीत काय सांगू? आणखी भेटायला हवं." दुसऱ्या भेटीनंतर तेच, तिसरीनंतरही तेच. चौथीची वेळ येईपर्यंत समोरचा माणूस दुसरीकडे लग्न ठरवून मोकळा झालेला असायचा.

"अगं, शितावरून भाताची परीक्षा करतात," आई म्हणायची.

"भाताची करतात," मावशी म्हणायची. "सगळी शितं एका भांड्यात, एका पाण्यात शिजतात म्हणून. गोळ्यांचं तसं नसतं."

"मी नवऱ्याबद्दल बोलतेय."

"मीही."

मावशी एकतीस वर्षं रायफलींच्या कारखान्यात होती. तिथे तिचं नाव कोणी घेत नसे, सगळे तिला मापाताई म्हणायचे. तयार झालेली प्रत्येक रायफल बाहेर जाण्याआधी चाचणीच्या बोगद्यात यायची. बोगदा जमिनीखाली होता. शंभर मीटर लांब, आणि इतका बुटका की उंच माणसाने हात वर केला तर बोटं छताला टेकावीत. दर दहा मीटरवर एक दिवा. एका टोकाला रायफल लोखंडी शिकंज्यात आवळून बसवायची आणि दोरीने चाप ओढायचा. माणसाचा हात, श्वास, डोळा, कशाचाच संबंध नाही. जे काय होईल ते त्या बंदुकीचं.

चाप ओढणाऱ्याला सगळे गुपचूप म्हणत. बार ऐकून ऐकून त्याचे कान अर्धेअधिक गेले होते, आणि कान गेल्यावर बोलणंही कमी झालं होतं. दुसऱ्या टोकाला, काँक्रीटच्या भिंतीमागच्या खड्डेवजा खोलीत, मावशी. कागदाची चौकट भिंतीच्या वर उभी असायची. बार झाला की मावशी हँडल फिरवून ती खाली घ्यायची, भोकाशेजारी आकडा लिहायची आणि चौकट पुन्हा वर चढवायची. कागदामागे, वाळूच्या ढिगाच्या पुढे, जाड पुठ्ठ्याची एक पाटी रोवलेली असे. ती तिथून हलत नसे. दर शनिवारी जुनी काढून नवी लावायची, इतकंच. दोघांमध्ये बोलायला मोठ्या आवाजाचा एक टेलिफोन होता आणि बोगद्यात बघायला मावशीकडे जाड काचेची एक फट.

"आमच्याकडे गोळी आधी येते आणि आवाज मागून," मावशी मला सांगायची. "आधी कागद फाटतो, मग धडाका. ज्याला लागते त्याला बार ऐकूच येत नसणार."

ती नोकरीला लागली तेव्हा नियम दहा बारांचा होता. मग नवे साहेब आले आणि त्यांनी तो तिनावर आणला. तीन भोकं काढायची, त्यांतल्या सगळ्यांत लांबच्या दोघांमधलं अंतर मोजायचं, खाली सही करायची आणि तो कागद रायफलीच्या खोक्यात ठेवायचा. गिऱ्हाईक खूश.

मावशी भांडली. तिने एकच रायफल घेऊन तीस बार काढायला लावले आणि कागद साहेबांच्या टेबलावर पसरला. "पहिले तीन बघा. शर्टाच्या बटणाखाली झाकतील. आता हे सातवा, आठवा, नववा. तळहात लागेल. बंदूक तीच. यातलं कुठलं खरं?"

"तुम्ही सांगा," साहेब म्हणाले.

"सगळं. भोकांचा पुंजका वाढत जातो, साहेब, कधी लहान होत नाही. तीन बारांत बंदूक ओळख दाखवते. स्वभाव कळायला तीस तरी लागतात."

साहेब हसले. "मापाताई, आपल्याला बंदूक विकायची आहे. तिच्याशी संसार नाही करायचा."

नियम तीनचाच राहिला. मावशी सह्या करत राहिली. पगार घेत होती, दुसरं काय करणार.

त्यानंतर पाचएक वर्षांनी एका सकाळी गेटवरून फोन आला, की एक माणूस चादरीत गुंडाळलेली रायफल घेऊन आलाय आणि कागदावर सही कोणाची ते विचारतोय. मावशी वर गेली. साठीचा, सडपातळ माणूस. कानामागे पेन्सिल, शर्टाच्या खिशातून डोकावणारी लाकडी मूठ, नखांत लाकडाचा भुसा. सुतार होता. हातातलं काम टाकून आल्यासारखा दिसत होता.

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "हे तुमचं?"

"माझंच."

"ही तीन भोकं खरी?"

"खरी."

"म्हणजे ही बंदूक जिथे धरू तिथेच मारते?"

मावशीने त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्याने पेला हातात धरला, पण प्यायला नाही.

त्याला दोन मुलगे होते. दोघंही त्याच्याच हाताखाली सुतारकी शिकलेले. रायफल थोरल्याने घेतलेली, परवान्यासकट. त्यांच्या घरामागच्या शेतात रानडुकरं यायची. चार महिन्यांपूर्वी, संध्याकाळी, धाकटा झुडपांच्या मागून डुकराला हुसकावत आला आणि थोरला दोनशे मीटरवर बसून राहिला होता. डुक्कर बाहेर आलं. थोरल्याने एक गोळी झाडली. डुक्कर पळालं आणि धाकटा पडला. थोरल्याच्या बाजूने बघता, डुकराच्या डावीकडे एक हातभर अंतरावर तो उभा होता.

"पोलिसांनी अपघात लिहिलं," सुतार म्हणाला. "लिहिणाऱ्याचं काय जातं."

"तुम्हाला तसं वाटत नाही?"

"दोघांत वर्षभर बोलणं नव्हतं. कशावरून ते मी सांगणार नाही, घरातली गोष्ट आहे. थोरला म्हणतो, नेम डुकरावर होता, बंदुकीने दगा दिला. आणि हा कागद म्हणतो, बंदूक दगा देत नाही. दोघांतला एक खोटं बोलतोय, बाई. एक माझा मुलगा आहे, आणि दुसऱ्यावर तुमची सही."

हे सांगताना त्याचा आवाज जराही चढला नाही, असं मावशी म्हणायची. दाराची मापं सांगावीत तसा तो बोलत होता.

साहेबांनी आधी नाही म्हटलं. मग कोर्टाची भीती वाटली असावी, कारण थोड्या वेळाने म्हणाले, "ठीक आहे, समाधानासाठी तीन बार काढा यांच्यासमोर."

"तीस," मावशी म्हणाली.

"मापाताई."

"त्या कागदावर माझी सही आहे. तिसाच्या खाली दुसरी सही मी देणार नाही. तुम्ही करा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात झटकले.

सुताराला बोगद्यात न्यायला नियमाप्रमाणे बंदी होती. मावशीने त्याला नेलं. कानांवर लावायला जाड गाद्यांची टोपी दिली. खाली दिवस नसतो. वर अकरा वाजले होते, खाली नेहमीसारखा पिवळा उजेड होता आणि ओल्या सिमेंटचा वास. गुपचूपने रायफल शिकंज्यात आवळली. मावशीने लहान कागद न घेता टेबलाएवढा मोठा कागद चौकटीला लावला आणि मधोमध काळा ठिपका काढला.

"तुमचा मुलगा एक हात डावीकडे होता, दोनशे मीटरवर," ती म्हणाली. "इथे शंभर मीटर आहे. अंतर निम्मं, म्हणजे फरकही निम्मा. एक वीत." तिने ठिपक्यापासून डावीकडे एक वीत मोजून बारीक फुली केली.

सुतार कितीतरी वेळ त्या फुलीकडे बघत राहिला. मग त्याने कानामागची पेन्सिल घेतली. "मी काढू का?"

"काय?"

तो काढायलाच लागला. आधी खिशातला टोच्या काढला, सुतार लाकडावर खुणा टोचून घेतात तसा. मावशी म्हणाली, "टोचू नका, भोकं पडतील. पेन्सिलनेच काढा." त्याने टोच्या खिशात ठेवला. मग दोन खांदे, मान, डोकं आणि छातीपर्यंतचा आकार, सगळं निम्म्या मापात. चेहरा काढला नाही. एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा खाली होता. "तो असाच उभा राहायचा," तो म्हणाला.

चौकट वर गेली. मावशीने फोनवरून सांगितलं, "सुरू करा."

पहिले तीन बार ठिपक्यावर बसले. बटणाखाली झाकतील असे, जुन्या कागदासारखेच. चौकट खाली आली तेव्हा सुताराने ती तीन भोकं पाहिली आणि उठला.

"झालं तर मग," तो म्हणाला. "बंदूक सरळ आहे."

"बसा."

"आणखी काय बघायचं?"

"अजून काहीच बघितलेलं नाही. बसा."

तो बसला. दर बारानंतर नळी गार व्हायला पाच मिनिटं सोडावी लागत. त्या पाच मिनिटांत दोघं शेजारी स्टुलांवर बसून राहत. कधी तो बोलायचा, कधी नाही. एकदा म्हणाला, धाकट्याला खिळा सरळ ठोकता येत नव्हता, पण रंधा असा मारायचा की पापुद्रा लांबच्या लांब निघायचा. एकदा विचारलं, "तुम्हाला मुलं?" मावशी म्हणाली, "बहिणीची मुलगी आहे." सातवा, आठवा, नववा. पुंजका बटणातून बाहेर आला. तेराव्यापर्यंत काड्यापेटीएवढा झाला.

"वाढतोय," सुतार म्हणाला.

"वाढणारच. बंदूक बिघडत नाहीये. जशी आहे तशी दिसायला लागली आहे."

चौदाव्या बाराच्या वेळी नेहमीसारखा आधी कागद फाटल्याचा आवाज आला आणि मागून धडाका. मावशीने चौकट खाली घेतली. तेवढ्यात फोन वाजला. गुपचूप आपणहून फोन कधीच करत नसे.

"बोगद्यात कोणी आहे का?" त्याने विचारलं.

"कोण असणार?"

"सहावा दिवा बघा."

मावशी फटीशी गेली. सहावा दिवा मंद झाला होता. विझला नव्हता. बाकीचे लख्ख होते आणि त्या एकाचाच उजेड भिंतीवर पडत नव्हता, जणू मध्ये काहीतरी होतं. ती बघत असतानाच तो पुन्हा नीट झाला. ती म्हणायची, चार-पाच श्वास गेले असतील. मग ती वळली.

सुतार स्टुलावर बसला होता. कागदावर डावीकडे, पेन्सिलच्या त्या आकाराच्या छातीत, एक भोक होतं.

मावशीने आकडा लिहिला. चौदा. इतक्या वर्षांत शिकंज्यातल्या रायफलीची गोळी एक वीत बाहेर गेलेली तिने पाहिली नव्हती. पण तिची शिकवणच होती की नको असलेलं भोक रद्द करायचं नाही. 'हे चुकून झालं' असं म्हणत भोकं वगळायला लागलं की कुठलीही बंदूक चांगली ठरते.

"हे मोजणार तुम्ही?" सुताराने विचारलं.

"प्रत्येक मोजणार."

पंधरापासून सव्वीसपर्यंत सगळे मधे. जेवणाची वेळ टळून गेली. सत्ताविसाव्या बारानंतर तिने चौकट खाली घेतली, तोच फोन पुन्हा वाजला. "परत तोच दिवा," गुपचूप म्हणाला, आणि त्याचा आवाज बारीक झाला होता. "मापाताई, तो झाकला जातोय." मावशी पुन्हा फटीशी गेली. या वेळी तिला वाटलं, उजेडाच्या कडेला एक उतार आहे, खांद्यासारखा. वाटलं, एवढंच. ती वळली तेव्हा पेन्सिलच्या आकारात दुसरं भोक होतं, पहिल्यापासून दोन बोटांवर.

उरलेले तीन बार तिने काढायला लावले. तिन्ही मधे गेले.

सुताराने कागद दोन्ही हातांनी धरला आणि डावीकडच्या दोन भोकांवरून अंगठा फिरवला. "तिसात दोन," तो म्हणाला.

"तिसात दोन."

"मग होऊ शकतं. नेम डुकरावर असला तरी."

"होऊ शकतं. झालंच असं नाही म्हणता येत."

"किती बार काढले म्हणजे म्हणता येईल?"

"बंदुकीचं म्हणाल तर आणखी साठ-सत्तर काढते."

"नको," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "त्याने तर एकच झाडली होती."

मावशीने खाली लिहिलं: बार तीस, पैकी दोन डावीकडे एक वीत. सही केली. तो रायफल न्यायला तयार नव्हता. ती आता आमच्या घरात नको, म्हणाला, आणि तसं लिहून दिलं. ती त्याला गेटपर्यंत सोडायला गेली. रस्त्यापलीकडे भिंतीला टेकून एक जवान माणूस उभा होता. पहारेकरी म्हणाला, सकाळपासून आहे, आत या म्हटलं तर येत नाही, बसत नाही. सुताराने रस्ता ओलांडून त्याच्या हातात कागद दिला. त्याने तो उलगडला, बराच वेळ बघितला आणि तशीच घडी घातली. बापाने मुलाचा कोपर धरला आणि दोघं निघून गेले.

त्या दिवशी मावशी घरी आली, जेवली नाही आणि फोनवर आईला म्हणाली, "आज एक चांगलं काम झालं." पण हात धुऊन झाल्यावरही ती नळाखालून हात काढेना, हे मला आठवतं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मावशीकडे राहूनच शिकत होते.

साठ-सत्तर बार काढते, असं ती म्हणाली होती. ते तिला स्वस्थ बसू देईना. सोमवारपासून कामाआधी रोज सकाळी पंधरा बार, गुपचूपला गळ घालून. सहा दिवसांत नव्वद. सहावा दिवा एकदाही मंद झाला नाही. वीजवाल्याने तारा तपासल्या, दिवा बदलला, म्हणाला, यात काही खोट नाही. आणि नव्वदपैकी एकही बार डावीकडे गेला नाही. पुंजका काड्यापेटीच्या थोडा बाहेर आला आणि तिथेच राहिला. ती रायफल चांगली होती. कारखान्यातून बाहेर पडलेल्या बऱ्याच रायफलींपेक्षा चांगली.

मग शनिवारी तिने कागदामागची पुठ्ठ्याची पाटी बदलायला काढली.

सुतार आला तोही शनिवारच होता, ती पाटी त्या सकाळीच नवी लावली होती. कागदातून पार झालेली प्रत्येक गोळी तिच्यातून गेलेली असणार. मधोमध मूठ जाईल एवढं एकच भगदाड होतं. डावीकडे, एक वीत काय, चार बोटांवरही भोक नव्हतं. मावशीने पाटी उजेडाकडे धरून पाहिली. मग जमिनीवर ठेवून हाताने चाचपली. डावीकडचा पुठ्ठा कोरा होता.

तिने मला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा इथे थांबली आणि म्हणाली, "दोन्ही वेळा माझी पाठ कागदाकडे होती. दोन्ही वेळा तो दिवा मंद झाला म्हणून."

"म्हणजे टोच्याने," मी म्हटलं.

"दुसरं काय असणार? तो तिथेच बसला होता. गोळ्या दोन्ही मधेच गेल्या, त्या भगदाडातून. भोकं त्याने पाडली."

"आणि तुला कळलं नाही? इतकी वर्षं भोकंच बघितलीस ना?"

"गोळीच्या भोकाभोवती काळपट कडं असतं," ती म्हणाली. "मी भिंग लावलं नाही. बघायचं नव्हतं म्हणून दिसलं नसेल." मग म्हणाली, "पण दिवा कोणी झाकला? ते त्याच्या हातात नव्हतं."

गुपचूपने पुढच्याच वर्षी मुदतीआधी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी तो एवढंच म्हणाला, की दिवा विझत असताना मी आयुष्यात खूपदा पाहिलाय, ते विझणं नव्हतं, आड कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं. बहिरा माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार.

मावशीने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, गिऱ्हाईक समाधानाने गेलं, फाइल बंद झाली, तुम्ही कशाला गाडलेली मढी उकरताय. रायफल वर्कशॉपमध्ये करवतीने तीन तुकडे करून भंगारात गेली. तेव्हापासून मावशीने एकच गोष्ट केली. दर कागदावर, सहीच्या वर, स्वतःच्या अक्षरात 'फक्त तीन बार' असं लिहायला लागली. साहेब दोनदा रागावले, मग त्यांनी नाद सोडला. निवृत्त होईपर्यंत ती ते लिहीत होती.

आणि तिने सुताराला पत्र लिहिलं. खूप खाडाखोड करून, शेवटी चार ओळींचं: आणखी नव्वद बार काढले, एकही डावीकडे गेला नाही, मागच्या पुठ्ठ्यावर डावीकडे भोक नाही, माझी आधीची सही चुकीची आहे. आई फोनवर म्हणाली, "कशाला पाठवतेस? बापाने आपल्या मनाची समजूत घातलीय, घालू दे." मावशी म्हणाली, "माझ्या सहीने नको." पत्र गेलं. उत्तर आलं नाही.

चार महिन्यांनी एका रविवारी सकाळी दार वाजलं. मी उघडलं. दारात एक जवान माणूस होता, उंच, डोळ्यांखाली काळं. "मापाताई इथे राहतात का?" त्याने विचारलं. मावशी स्वयंपाकघरातून आली आणि त्याला बघून जागीच थबकली. गेटवर ज्याने कागद उलगडला होता, तोच.

मी पाणी आणलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला. मी आतल्या खोलीत गेले, पण दार लोटलं नाही.

"तुमचं पत्र आलं होतं," तो म्हणाला.

"तुम्ही वाचलंत?"

"नाही. वडिलांनी वाचलं आणि चुलीत टाकलं. पण त्यात काय होतं ते मला माहीत आहे. ती भोकं टोच्याची आहेत. मला तिथे रस्त्यावरच कळलं. टोच्या फिरवून भोक मोठं केलं की कागदाची कड एका बाजूला वळते. मीही सुतारच आहे, ताई. त्यांच्याच हाताखाली शिकलोय."

मावशी त्याच्या हातांकडे बघत होती.

"तो कागद त्यांनी चौकट करून भिंतीवर लावलाय. मीच चौकट केली, त्यांनी सांगितलं म्हणून. कोणी आलं की दाखवतात. तिसात दोन, म्हणतात, बंदुकीने दगा दिला. मग सगळे माझ्याकडे बघून मान हलवतात. रोज माझ्यासमोर बसून जेवतात ते. पहिल्यासारखं बोलतात. धाकट्याच्या हत्यारांना मात्र हात लावू देत नाहीत."

"म्हणजे त्यांना वाटतं की तुम्ही मुद्दाम…" मावशी अर्ध्यावर थांबली.

"त्यांना नुसतं वाटत नाही. त्यांनी ठरवलंय. आणि तरी भोकं पाडली." त्याने पेला उचलला आणि पाणी सगळं पिऊन टाकलं. "आणखी पत्र पाठवू नका, एवढंच सांगायला आलो. त्यांचं वय झालंय."

"नाही पाठवणार."

तो उठला. दारापर्यंत गेला. मावशीने आयुष्यात कधी कोणाला असा प्रश्न विचारला नव्हता, पण तिच्या तोंडून गेलाच. "नेम कुठे होता?"

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी दाराच्या फटीतून बघत होते. मला तेव्हा भीती वाटली आणि कशाची ते अजून सांगता येत नाही.

"वडिलांनी मला अजून विचारलेलं नाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून एकदाही नाही. पोलिसांना मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं, तेवढंच. त्यांनी विचारलं तर सांगेन. त्यांच्याआधी कोणाला नाही सांगणार."

आणि गेला. मावशी उंबऱ्यात उभी राहून जिन्यावरची पावलं ऐकत राहिली. मग आत येऊन तिने त्याचा रिकामा पेला उचलला, धुतला आणि पालथा घातला.

मावशी निवृत्त झाली. बोगद्यात आता कॅमेरा भोकं मोजतो, म्हणे, आणि बार तीनच काढतात. सहा वर्षांनी तिच्या नावे एक कार्ड आलं. त्यावर दोनच वाक्यं होती, सुताराच्या पेन्सिलने लिहिल्यासारखी जाड आणि सरळ. "वडील परवा गेले. शेवटपर्यंत विचारलं नाही."

मावशीने ते दोनदा वाचलं, मग उलटून पाठवणाऱ्याचा पत्ता शोधला. पत्ता नव्हता.